हार्ट्स ऑफ आयर्न ४ : महायुद्धातल्या जर-तरचा हिशेब कितपत जमतो?

‘टायगर रणगाडे दुप्पट असते तर?’ ‘हिटलरने ऑगस्ट १९४१ मध्ये कीव्हकडे न वळता थेट मॉस्को गाठलं असतं तर?’ ‘इंफाळ पडलं असतं तर?’ दुसऱ्या महायुद्धाची आवड असलेली चार माणसं एकत्र आली की हे प्रश्न निघतातच. तास-दोन तास रंगतात आणि शेवटी ‘मला वाटतं’ विरुद्ध ‘मला नाही वाटत’ इथे येऊन अडकतात, कारण कोणाच्याच हातात आकडेमोड नसते. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा संगणकावरचा युद्ध-गेम ही आकडेमोड करायला देतो. ६ जून २०१६ ला, म्हणजे नॉर्मंडीच्या स्वारीच्या तारखेलाच, तो बाजारात आला आणि त्यात आजही भर पडते आहे.

करमणूक म्हणून तो कसा आहे, यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. इथे त्याला एकाच कसोटीवर घासायचंय: जर-तरच्या वादात हा गेम साक्षीदार म्हणून उभा करता येतो का? कारखाने, तेल आणि रेल्वे यांच्याबद्दलचा वाद असेल तर बेलाशक उभा करावा. समुद्र ओलांडण्याचा किंवा माणसांनी घेतलेल्या निर्णयांचा वाद असेल, तर त्याची साक्ष ग्राह्य धरू नये.

सुरुवात कारखान्यांपासून, कारण गेमची खरी ताकद तिथे आहे. प्रत्येक देशाकडे तीन प्रकारचे कारखाने असतात: नागरी, लष्करी आणि जहाजं बांधणाऱ्या गोद्या. नागरी कारखान्यांतले काही लोकांच्या गरजेच्या वस्तूंत अडकतात, काही आयातीच्या बदल्यात परदेशाला द्यावे लागतात (एका कारखान्यामागे ८ एकक कच्चा माल मिळतो) आणि उरलेल्यांतून बांधकाम चालतं. स्टील, ॲल्युमिनियम, रबर, टंगस्टन, क्रोमियम, तेल यांपैकी काही कमी पडलं की त्या मालाचं उत्पादन लगेच घटतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे रोज दिसतं.

आता टायगरचा वाद घ्या. कुठलीही सवलत न धरता एक लष्करी कारखाना दिवसाला ४.५ एकक काम करतो. पण नवी उत्पादन लाइन सुरू केली की तिची कार्यक्षमता १० टक्क्यांपासून सुरू होते आणि सुरुवातीच्या तंत्रज्ञानावर फार तर ५० टक्क्यांपर्यंत चढते. यंत्रसामग्रीचं संशोधन झालं की ही कमाल मर्यादा वाढते. समजा १५ कारखाने एका रणगाड्याला दिले आणि त्या रणगाड्याची किंमत १२ एकक आहे. पहिल्या दिवशी १५ गुणिले ४.५ गुणिले ०.१०, म्हणजे ६.७५ एकक काम होतं. महिनाभर हाच वेग राहिला तर जेमतेम १७ रणगाडे. तीच लाइन ५० टक्क्यांवर पोहोचली की दिवसाला ३३.७५ एकक, महिन्याला ८४ रणगाडे. कारखाने तेच, पोलाद तेच, फरक पाचपट.

आणि मधेच ‘यापेक्षा भारी रणगाडा हवा’ म्हणून लाइन बदलली, तर चढवलेली कार्यक्षमता घसरते. त्याच सांगाड्यावर तोफ किंवा चिलखत बदललं तर बरीचशी टिकते. वेगळ्याच जातीच्या रणगाड्याकडे गेलात तर जवळजवळ सगळी जाते. जर्मनीने सुमारे १,३५० टायगर-१ बनवले आणि पँझर-४ साडेआठ हजारांच्या आसपास. टायगर दुप्पट करायचे तर कोणत्या लाइन मोडायच्या आणि मधल्या सहा महिन्यांत आघाडीवर काय पाठवायचं, याचं उत्तर गेम समोर ठेवायला लावतो. वाद तिथेच जमिनीवर येतो.

हे गणित काल्पनिक वाटू नये. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यात बी-२४ बॉम्बफेकी विमानं तयार होत. सुरुवातीला तिथलं काम इतकं रखडलं की लोक त्या नावावर कोट्या करत होते. १९४४ मध्ये तिथूनच साधारण तासाला एक विमान बाहेर पडत होतं. लाइन बसायला लागणारा हा वेळ गेमने नेमका पकडलाय.

दुसरी बळकट बाजू म्हणजे रसद. ती सुरुवातीपासून अशी नव्हती. इंधनाचा साठा फेब्रुवारी २०१९ च्या सुधारणेत आला. रेल्वे, पुरवठा केंद्रं आणि आगगाड्या नोव्हेंबर २०२१ मध्ये आल्या. या दोन्ही गोष्टी मूळ गेममध्येच मिळतात, वेगळे पैसे पडत नाहीत. त्याआधीच्या गेमवर बेतलेले जुने निष्कर्ष अजून फिरत असतात, ते बाजूला ठेवावेत. आताची रचना अशी की माल राजधानीतून रेल्वेने पुरवठा केंद्रापर्यंत येतो. त्या मार्गावरचा सर्वांत कमकुवत रूळ जेवढं पेलेल, तेवढंच पुढे पोहोचतं. बर्लिनपासून वॉर्सापर्यंत उत्तम रेल्वे असली आणि पुढच्या टप्प्यात एकच दुबळा तुकडा असला, तर सगळा पुरवठा त्या तुकड्याच्या मापाने येतो. केंद्रापासून पुढे घोडे किंवा ट्रक. ट्रक दिले तर पल्ला वाढतो, पण ते ट्रक तुमच्या मोटाराइज्ड बटालियनच्या वाट्याचे असतात. अशा एका बटालियनला ५० ट्रक लागतात.

मॉस्कोचा वाद इथे लावून पाहावा. ऑगस्ट १९४१ च्या उत्तरार्धात जर्मन सेनापती गुडेरियनचे रणगाडे दक्षिणेला कीव्हकडे वळले. कीव्हच्या वेढ्यात जर्मन दाव्यानुसार ६ लाखांहून जास्त सोव्हिएत सैनिक पकडले गेले आणि मॉस्कोवरची मुख्य चढाई ऑक्टोबरच्या तोंडावर गेली. ‘ते वळले नसते तर’ हा जगभरचा आवडता प्रश्न. गेममध्ये स्मोलेन्स्कपाशी पोहोचल्यावर पुरवठ्याचा नकाशा उघडा. तुम्ही रूळ दुरुस्त न करता धावत आला असाल, तर पुढची पट्टी लालच दिसते. डिव्हिजनची संघटना (लढाईत टिकून राहायची ताकद) भरून येत नाही, हल्ल्याचा जोर पडतो, न लढताही सामान झिजतं आणि इंधन संपलं की रणगाडे रांगू लागतात. इथेच घोडं पेंड खातं, आणि १९४१ मध्येही त्याने इथेच खाल्ली होती. शिवाय मॉस्कोकडे धावणाऱ्या फौजेच्या उजव्या अंगाला कीव्हची अख्खी सोव्हिएत फौज तशीच उभी राहते. ती कडेने घुसू लागली की कीव्हला वळण्यामागचा विचार समजतो.

एक कसर मात्र आहे. सोव्हिएत रेल्वेचा गेज युरोपातल्या गेजपेक्षा रुंद होता, आणि जर्मन रेल्वे-तुकड्यांना मैलोन् मैल रूळ सरकवून ठोकावे लागले. गेममध्ये या कामाचा वेगळा हुकूम द्यावा लागत नाही. त्यामुळे तिथे ‘जमलं असतं’ असं दिसलं, तर प्रत्यक्षात त्याहून अवघड होतं असं धरून चालावं.

तेलाबाबतही गेम हात सैल सोडतो. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मन फौजा मायकोपला पोहोचल्या तेव्हा सोव्हिएतांनी विहिरी निकामी केलेल्या होत्या, आणि हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. गेममध्ये प्रांत ताब्यात आला की तिथल्या नियंत्रणाच्या प्रमाणात तेल मिळायला लागतं. कॉकेशस जिंकल्यावर जर्मनीचं इंधन सुटलं, असा निकाल कोणी दाखवला तर त्यातलं पहिल्या वर्षाचं तेल सरळ वजा करावं.

आता इंफाळ. मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुचीच्या १५ व्या आर्मीच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून निघाल्या. जवळ रसद साधारण तीन आठवड्यांची, बाकी ब्रिटिशांच्या गोदामांतून मिळवू असा हिशेब. सोबत हाकत नेलेली गुरं वाटेतच मेली. आझाद हिंद सेनेने १४ एप्रिलला मोइरांगला तिरंगा फडकवला. त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. एकाच युद्धाची ही दोन टोकं. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता पुन्हा खुला झाला आणि मोहीम संपल्यात जमा झाली.

हा प्रसंग गेममध्ये अर्धाच उतरतो. जंगल आणि डोंगर असल्याने एका वेळी फार थोड्या बटालियन लढू शकतात. पायदळाच्या बटालियनची रुंदी (लढताना ती अडवते ती जागा) २, तोफखान्याची ३, आणि डोंगराळ प्रदेशात मैदानाच्या तुलनेत जागाच कमी. पुरवठा तुटपुंजा, त्यामुळे तीनऐवजी दहा डिव्हिजन घातल्या तर दहाही उपाशी राहतात. ‘जपानने जास्त फौज आणली असती तर’ या प्रश्नाचा निकाल इथे दोन मिनिटांत लागतो.

पण इंफाळ वाचलं ते मुख्यतः विमानांमुळे. वेढ्यातल्या फौजेला महिनोन् महिने हवेतून रसद मिळाली, आणि त्याआधी पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा-खेचरांसकट आराकानहून विमानांनी उचलून आणली गेली. वाहतूक विमानांनी रसद टाकायची सोय गेममध्ये आहे. एक अख्खी साधी डिव्हिजन एका विमानतळावरून दुसऱ्यावर नेऊन उतरवायची सोय नाही. विमानातून फक्त छत्रीधारी सैनिक उतरतात. म्हणजे इंफाळचा निकाल ज्या चालीवर फिरला, तीच चाल पटावर नाही. शिवाय गेम १ जानेवारी १९३६ किंवा १४ ऑगस्ट १९३९ या दोनच तारखांना सुरू होतो. १९४४ पर्यंत खेळत पोहोचेस्तोवर जग इतकं बदललेलं असतं की ब्रह्मदेशात जपान असेलच याचीही खात्री नसते.

भारताचा एक प्रश्न मात्र तपासण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांच्या घरात गेलं. चौथी, आठवी आणि दहावी भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच आघाडीवर. हे मनुष्यबळ मिळालं नसतं तर ब्रिटनचं काय झालं असतं? ब्रिटिश राज हाती घेऊन एकही डिव्हिजन बाहेर न पाठवता खेळ चालवला, की ब्रिटनला इजिप्त आणि मलाया एकाच वेळी राखताना किती ओढाताण होते ते दिसतं. राजकारणाच्या बाजूला मात्र अपेक्षा ठेवू नयेत. लोकशाही, साम्यवाद, फॅसिझम आणि तटस्थता या चार रकान्यांत तेव्हाचा भारत बसत नाही. काँग्रेस, लीग आणि नेताजींचा मार्ग यांतले ताण त्या चौकटीत सपाट होतात.

सर्वांत कच्चा भाग समुद्राचा. ‘जर्मनीने १९४० मध्ये इंग्लंडवर स्वारी केली असती तर’ याचं उत्तर या गेमवरून देणाऱ्यांना थांबवावं. त्या वर्षी जर्मनीने २,४०० च्या आसपास बार्ज जमवले होते. त्यातल्या सुमारे ८०० वरच इंजिनं होती, बाकीचे टगबोटींनी ओढत न्यायचे. मुळात ते ऱ्हाइनसारख्या नद्यांत माल वाहणारे सपाट बुडाचे. नॉर्वेच्या मोहिमेत नार्विकला जर्मनीच्या १० विनाशिका बुडालेल्या, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला होत्या त्यांपैकी जवळपास निम्म्या. १९७४ मध्ये ब्रिटनच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत हीच स्वारी पटावर खेळली गेली. पहिली लाट किनाऱ्याला लागली, मग ब्रिटिश नौदल इंग्लिश खाडीत उतरलं आणि मागचा पुरवठा तुटला.

गेममध्ये बार्ज नाहीत, भरती-ओहोटीचं गणित नाही, नुसती मालवाहू जहाजांची संख्या आहे. त्या सागरी विभागात काही काळ वर्चस्व दाखवता आलं की स्वारी सुटते. समोरचा संगणकी ब्रिटन आपलं आरमार जगभर वाटून बसतो, त्यामुळे खाडी बऱ्याचदा मोकळी सापडते. सरावलेला खेळाडू १९४० मध्ये लंडन घेतो, पण त्यातून फक्त संगणकाचा ढिलेपणा सिद्ध होतो. ही स्वारी प्रामाणिकपणे तपासायची असेल, तर कन्सोलमधल्या (गेमला थेट आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) ‘टॅग’ आज्ञेने ब्रिटनकडे जा, होम फ्लीट मायदेशी बंदरांत आणून खाडीवर नेमा, किनाऱ्यावर डिव्हिजन लावा आणि मग परत जर्मनीकडे या. निकाल बदललेला दिसेल.

जेट विमानं आणि अणुबॉम्ब यांबद्दल थोडक्यात. जर्मनीचं मेसरश्मिट-२६२ हे जेट विमान लवकर आलं असतं तर, या वादात खरी अडचण इंजिनाची. क्रोमियम आणि निकेलच्या टंचाईमुळे युमो ००४ इंजिन साधारण २५ तासांत काढून ठेवावं लागे. गेममध्ये याच्या जागी फक्त विश्वासार्हतेचा एक आकडा आहे. नोव्हेंबर २०२४ च्या ‘ग्योटरडेमरुंग’ या विस्तार-संचात (मूळ गेमवर वेगळी विकत घ्यायची भर) शास्त्रज्ञ आणि संशोधन केंद्रं आली. त्यामुळे अणुप्रकल्पाला वेळ आणि माणसं लागतात हे दिसतं, पण अमेरिकेने त्यावर ओतलेल्या सुमारे २ अब्ज डॉलरचं ओझं जाणवत नाही, कारण या गेममध्ये पैसाच नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यात ज्यूंचा संहार नाही, नानजिंगचं हत्याकांड नाही, सोव्हिएत युद्धकैद्यांची उपासमार नाही. जिंकलेला प्रदेश म्हणजे प्रतिकार आणि सहकार्य असे दोन आकडे. ‘जर्मनी जिंकली असती तर’ हे नुसत्या रंगीत नकाशावर बोलणारा माणूस त्या जगात कोण जिवंत राहिलं असतं, हा प्रश्न वगळतो. वादात तो कोणीतरी मांडायलाच हवा, गेम मांडत नाही.

पडताळणी करताना बहुतेकांची चूक एकच होते: एकदम पाच गोष्टी बदलायच्या आणि निकालाचं श्रेय आपल्या आवडत्या गोष्टीला द्यायचं. त्याऐवजी ‘आयर्नमॅन’ (जुन्या सेव्हवर परतू न देणारा खेळप्रकार) बंद ठेवा, नाहीतर कन्सोल चालत नाही. ऐतिहासिक एआय, म्हणजे संगणकी देशांनी इतिहासाला धरून चालायची सेटिंग, चालू ठेवा. ‘ऑब्झर्व्ह’ आज्ञा देऊन कोणाचीही बाजू न घेता गेम पळू द्या आणि दर वर्षीच्या १ जानेवारीला सेव्ह करा. ही तुमची मूळ प्रत. मग त्यातल्या एका सेव्हमध्ये एकच बदल करा आणि तोच प्रयोग निदान चार-पाच वेळा चालवा. संगणकाचे निर्णय दर वेळी थोडे वेगळे पडतात, त्यामुळे एका फेरीच्या निकालाला अर्थ नाही. कोण जिंकलं यापेक्षा इंधनाचा साठा, आगगाड्यांची तूट, पूर्ण सामानानिशी उभ्या डिव्हिजन आणि बुडालेली मालवाहू जहाजं यांची नोंद ठेवा. स्वतः खेळून काढलेला निकाल तर सर्वांत कमी भरवशाचा, कारण पर्ल हार्बरवर हल्ला होणार हे तुम्हाला १९३६ पासून माहीत असतं.

यंत्राबद्दल: ग्राफिक्स कार्ड साधं चालतं, प्रोसेसर मात्र बरा हवा. १९४१ नंतर नकाशावर डिव्हिजनची गर्दी झाली की सर्वांत जलद वेगावरही दिवस रेंगाळतात, आणि १९३६ ते १९४५ ची एक फेरी सुट्टीचा अख्खा दिवस खाते. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर अक्षरं बारीक दिसतात, सेटिंगमध्ये जाऊन इंटरफेसचा आकार वाढवावा. मराठी किंवा हिंदी इंटरफेस नाही.

खरेदी करताना आधी मूळ गेमच घ्यावा, तोही स्टीम या ऑनलाइन दुकानात सवलत असताना. ती वर्षातून अनेकदा असते. जुने काही विस्तार-संच आता मूळ गेममध्येच सामावले आहेत. पुढचा घ्यायचा तर ‘नो स्टेप बॅक’, कारण त्यात रणगाडा जोडायची सोय आहे. आरमाराची आवड असेल तर ‘मॅन द गन्स’. ब्रिटिश राजची नवी मांडणी असलेला मार्च २०२५ चा ‘ग्रेव्हयार्ड ऑफ एम्पायर्स’ भारताच्या ओढीने लगेच घेऊ नये. आल्या आल्या त्यातल्या त्रुटींबद्दल खेळाडूंची मोठी नाराजी होती, आणि वर लिहिलेला भारताचा प्रयोग त्याच्याशिवायही होतो. सगळे संच एक-दोन महिन्यांपुरते पाहायचे असतील, तर मासिक वर्गणीचा पर्याय आहे.

मित्रमंडळी मिळून खेळणार असाल तर विस्तार-संच एकानेच घेतले तरी पुरतात. ज्याच्या यंत्रावर खेळ भरतो, त्याचे संच त्या फेरीपुरते सगळ्यांना वापरता येतात. आवृत्ती आणि मोड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले फेरफार) मात्र सगळ्यांचे तंतोतंत सारखे हवेत. मुख्य पडद्यावर आवृत्तीच्या शेजारी जो चार अक्षरांचा चेकसम दिसतो, तो सुरू करण्याआधी एकमेकांना वाचून दाखवावा. तो जुळत नसेल तर कोणाचा तरी मोड चालू राहिलेला असतो.